गाऱ्हाण्यातून वगळलेला शब्द

काशीराम मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि त्यांनीच मागितला म्हणून एक जुना फळाही दिला. शाल कपाटात गेली, नारळ दुसऱ्या दिवशी वाटणात गेला आणि फळा एसटीच्या थांब्याजवळच्या वाचनालयाच्या भिंतीवर टांगला गेला. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला घरी गप्प बसवत नाही. दर सोमवारी मास्तर त्या फळ्यावर एक शब्द लिहीत. शास्त्रातला, पण गावात सगळ्यांच्या तोंडी बसलेला, आणि मास्तरांच्या मते सगळ्यांनी बिघडवलेला. त्याखाली तो कुठल्या भाषेतून आला, कुणी काढला आणि त्याचा खरा अर्थ काय. टेन्शन म्हणजे दोरीतला ताण, मुलीच्या लग्नाची काळजी नव्हे. लेव्हल म्हणजे पातळी, ती पाण्याला असते, जावयाला नसते. कट्टा या बाजारगावाकडे जाणारी गाडी कधीच वेळेवर येत नसल्यामुळे फळ्याला वाचकांची वानवा नव्हती. लोक वाचत, माना डोलवत, आणि गाडी दिसली की "चला, टेन्शन गेला" म्हणत चढत.

ॲलर्जी हा शब्द गावात आला तो दोन हजार तीन सालच्या गणपतीत, मुंबईहून आलेल्या प्रितमबरोबर. त्याच्या काकीने त्याला घरापुढचं खळं झाडायला सांगितलं. आपल्याला धुळीची ॲलर्जी आहे, असं प्रितम म्हणाला, आणि काकीने मुकाट्याने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. चार माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं. एवढी ताकद आजवर गावात कुणाच्याच शब्दात नव्हती, सरपंचाच्याही नाही. महिन्याभरात यतीनला रापण, म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढायची ॲलर्जी झाली, शाळेतल्या पोरांना गणिताची झाली, आणि एका सुनेला तर सासूची झाली म्हणे.

मास्तरांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. पुढच्या सोमवारी फळा काठोकाठ भरला. हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना शहरातल्या एका मुलांच्या डॉक्टरने बनवला. ग्रीक भाषेत 'ॲलोस' म्हणजे दुसरा, वेगळा, आणि 'एर्गोन' म्हणजे काम. अर्थ : एखाद्या पदार्थामुळे अंगाला खाज, सूज, पुरळ येणे, श्वास कोंडणे. कंटाळा, नावड आणि आळस यांसाठी हा शब्द वापरू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. ज्या डॉक्टरने तो शब्द काढला त्याच्या मनातला अर्थ बराच ऐसपैस होता आणि पुढे इतर डॉक्टरांनीच तो आवळून आवळून लहान केला, ही गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्यांनी त्या डॉक्टरांनाही एक सोमवार दिला असता.

त्या फळ्याचा उपयोग सबंध गावात एकाच माणसाला झाला, आणि ते माणूस मास्तरांच्याच घरात होतं.

राधाबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, सातवी शिकलेल्या. दुकानातून साखर घेऊन येताना त्या फळ्यासमोर थांबल्या. खाज, सूज, पुरळ, श्वास. पुन्हा वाचलं. घरी येऊन साखर डब्यात ओतायच्या आधीच म्हणाल्या, "अवो, तुमी फळ्यार लिवलास तां माका आसा."

"काय आहे?" मास्तर घरातही पुस्तकातलं मराठी बोलत.

"ॲलर्जी. सुंगटांची."

सुंगटं म्हणजे कोळंबी. मास्तरांच्या घरी बुधवारी सुंगटांचं सार असे, त्यांच्या वडिलांची होडी होती तेव्हापासून. गेली काही वर्षं ती सोलताना राधाबाईंच्या हातांना फोड येत आणि सार उकळायला लागलं की छाती भरून येई. पहिल्यांदा त्या म्हणाल्या होत्या, "माका सुंगटा उष्ण पडतत." उष्णता ही ऊर्जा आहे, ती पडत नाही, असं मास्तरांनी समजावलं. मग त्या म्हणाल्या, अंगात वारा भरतो. वारा म्हणजे हवेची हालचाल, ती अंगात भरत नाही. त्यानंतर राधाबाईंनी स्वतःच्या ताटात सुंगटं घेणं सोडलं आणि बोलणंही सोडलं. सोलणं आणि शिजवणं तेवढं चालू राहिलं. आता मात्र त्यांना नेमका शब्द सापडला होता, तोही नवऱ्याच्या हस्ताक्षरात, आणि त्यांचा चेहरा शाळेत पहिल्यांदा बरोबर उत्तर आलेल्या मुलीसारखा झाला होता.

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तू कोळंबी किती वर्षं खात होतीस?"

"जल्माक इल्यापासून."

"तेव्हा काही व्हायचं?"

"तेवां नाय व्हायचा."

"मग? शरीर तेच, कोळंबी तीच. परिणाम वेगळा होईल कसा? तुला कोळंबी आवडेनाशी झाली आहे. वयाने होतं तसं. याला ॲलर्जी म्हणायचं नाही, हेच तर मी शेवटच्या ओळीत लिहिलंय."

मास्तर लबाडी करत नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचा स्वतःच्या म्हणण्यावर मनापासून विश्वास होता. विज्ञान आणि बुधवारचं सार एकाच बाजूला उभं राहिलं की माणसाला आपलं म्हणणं फार पटकन पटतं, एवढंच. त्यांनी राधाबाईंचे हात पाहायला मागितले नाहीत. शब्दाचा निकाल लागल्यावर हात कशाला पाहायचे?

हात पाहिले ते शेजारच्या शेवंतीने. शेवंती कट्ट्याच्या बाजारात मासे विकायची आणि मास्तरांचा बुधवारचा वाटा तीच ठेवायची. तिने वर्षभर सुंगटं सोलून दिली. "हल्ली सोललेलीच खपतत, मास्तरांनू," असं तिने मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, बाजार सुधारला.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. खाडीत नारळ सोडायच्या आधी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं होतं. सत्यवान हा देवळाचा मानकरी. तो देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणून होकार भरतो. होकार भरला की मागणं देवाच्या पदरात पडलं, असा हिशेब. शेवंतीने आदल्या दिवशी सत्यवानाला गाठलं आणि राधावयनीच्या दुखण्याचं घाल म्हणून सांगितलं.

"काय म्हणतत त्या दुखण्याक?" सत्यवानाने विचारलं.

"मास्तरांच्या फळ्यार इल्ला मागे, तांच."

तर गाऱ्हाणं सुरू झालं. पुरुष पुढे, बायका मागे, सगळ्यांचे हात जोडलेले.

"बा देवा रवळनाथा! आज पुनवेच्या दिवसाक तुझी लेकरा तुझ्या दारात हुबी आसत. दर्यात जाणाऱ्याक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाच्या होडयेक, कोणाच्या जाळ्याक वायट नजर लागली आसात, ती खंयच्या खंय घालव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि आमच्या एका सवाशिणीक, सुंगटांची ॲलर्जी झाली आसा, ती..."

"थांबा," मास्तर म्हणाले.

गाऱ्हाणं मध्ये थांबवत नाहीत. वाऱ्याने देवळाची कौलं उडाली त्या वर्षी थांबलं नव्हतं. सत्यवानाच्या बापाला ऐन गाऱ्हाण्यात खोकल्याची उबळ आली तेव्हाही मागच्याने पुढे होऊन ते तसंच ओढून नेलं होतं. गावात वेडे, दारुडे आणि पुढारी होऊन गेले, पण त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. त्याला शिकलेलाच माणूस लागला.

"देवासमोर तरी शुद्ध बोलूया," मास्तर पुढे होऊन म्हणाले, आणि त्यांनी ॲलोस सांगितला, एर्गोन सांगितला, व्हिएन्ना सांगितलं. साठ-सत्तर माणसं ओठांवर आलेलं "होय म्हाराजा" तोंडात धरून उभी होती. कुणाला गिळवेना, कुणाला बोलवेना.

"मगे काय म्हणू, मास्तरांनू?" सत्यवानाने शेवटी विचारलं.

"काहीच म्हणू नका. जेवणातली आवडनिवड ही देवाकडे न्यायची गोष्ट नव्हे."

सत्यवानाने देवाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि तेवढं मागणं टाकून तो पुढच्यावर गेला. मागे बायकांमध्ये राधाबाईंनी जोडलेले हात खाली केले. नारळ सोडायला त्या खाडीवर आल्या नाहीत. आपल्याला लाज वाटली की राग आला हे त्यांनाच कळत नव्हतं, असं त्यांनी शेवंतीला नंतर सांगितलं. बहुतेक राग होता.

कारण त्या बुधवारी मास्तरांच्या ताटात डाळ आली. पुढच्या बुधवारीही डाळच आली. मास्तरांनी चौकशी केली तर "हाडूक नाय," म्हणजे आणली नाही, एवढंच उत्तर. शेवंतीकडे मागितली तर तिने टोपली फडक्याने झाकली आणि म्हणाली, "तुमका विकूची माका ॲलर्जी आसा." थांब्यावर लोक फळ्याकडे पाठ करून उभे राहायला लागले. मास्तरांना गाव बोलत असल्याचं दुःख नव्हतं. गाव अशास्त्रीय बोलत होता, याचं होतं.

अशा वेळी विज्ञानाचा शिक्षक एकच गोष्ट करतो. मास्तरांनी प्रयोग करायचं ठरवलं.

"दोन कोळंब्या," ते राधाबाईंना म्हणाले. "फक्त दोन. माझ्यासमोर. काही झालं तर मी फळ्यावर माझी चूक लिहीन, माझ्या नावानिशी. नाही झालं तर हा विषय संपला."

सात वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस राधाबाईंच्या दुखण्याकडे बघायला तयार झाला होता. त्यासाठी दोन सुंगटं ही किंमत त्यांना फार वाटली नाही. इथे त्यांची चूक झाली, पण त्यांना बोल लावायचं माझ्या जिवावर येतं.

"खातंय," त्या म्हणाल्या. "पण तुमी घड्याळाकडे बघू नकात. माझ्याकडे बघा."

मास्तर स्वतः धक्क्यावर जाऊन सुंगटं घेऊन आले, स्वतः सोलली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः गॅस पेटवून मिठाच्या पाण्यात उकडली. मग टेबलाशी बसून वहीत मथळे घातले : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बरोबर बारा वाजता राधाबाईंनी दोन सुंगटं खाल्ली.

१२.०५. बदल नाही. १२.१०. बदल नाही. मास्तर घड्याळाकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. १२.११ ला त्यांनी अनुमानासमोर 'ॲलर्जी नाही' असं लिहून टाकलं, कारण निष्कर्ष दिसतच होता.

१२.१३. राधाबाई मान खाजवू लागल्या. "ते मनाचं असतं," मास्तर वहीत बघत म्हणाले. १२.१६. ओठांना सूज. हेही त्यांनी लिहिलं. तीस वर्षांची सवय होती. १२.१८ समोर त्यांनी 'आवाज' एवढंच लिहिलं आणि पेन्सिल खाली पडली, कारण आवाज नव्हताच. राधाबाईंचं तोंड उघडं होतं, डोळे मास्तरांवर होते, आणि घशातून पिशवीचं तोंड आवळल्यासारखी बारीक शीळ येत होती.

"राधा!" मास्तर उठले तसं टेबल सरकलं. "राधा, काय होता गो? शेवंती! ये शेवंती! धाव गो, माझी बायल..." पुस्तकातलं मराठी कुठच्या कुठे गेलं. शेवंती धावत आली, तिने राधाबाईंना एकदा पाहिलं आणि मास्तरांना काहीही न विचारता रस्त्यावर जाऊन मुनीबची रिक्षा अडवली. आतल्या प्रवाशाला मुनीबने जागच्या जागी उतरवलं.

कट्ट्यापर्यंतचा रस्ता सहा किलोमीटरचा आहे आणि त्यात किती खड्डे आहेत हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. राधाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. प्रत्येक खड्ड्याला शीळ तुटायची आणि पुन्हा लागेपर्यंत मास्तरांचा जीव जायचा. "आसस मां गो? आसस मां?" एवढंच ते विचारत होते. राधाबाई बोटाने त्यांच्या मनगटावर हळूच ठोका देत होत्या, आहे म्हणून.

कट्ट्याला सनोबरचा दवाखाना. डॉक्टर सनोबर ही मास्तरांचीच विद्यार्थिनी, बाजारातल्या महंमद कापडवाल्याची मुलगी. तिने दारातच राधाबाईंचे ओठ पाहिले आणि बाकावर आडवं करायच्या आधी मांडीत इंजेक्शन दिलं. मग दुसरं दिलं. सलाईन लावलं. वीस मिनिटं ती नाडी धरून उभी राहिली. मग शीळ थांबली आणि राधाबाईंनी एक मोठा, पुरा श्वास घेतला. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"काय खाल्लं होतं?" सनोबरने विचारलं.

मास्तरांनी वही पुढे केली. ती एवढा वेळ त्यांच्या हातातच होती. सनोबरने मिनिटवार नोंदी वाचल्या. "निरीक्षणं उत्तम आहेत, सर," ती म्हणाली. मग तिची नजर अनुमानावर गेली आणि तिने वही मिटली.

"पण ती तीस-चाळीस वर्षं खात होती," मास्तर म्हणाले. आवाजात वाद नव्हता, नुसता आधार शोधणं होतं. "शरीर तेच..."

"शरीर तेच राहत नाही ना, सर. आज चालतं ते उद्या चालेनासं होतं. रोज हाताळणाऱ्यांना तर जास्त. आधी एक वागत होतं, आता दुसरंच वागतं. नववीत तुम्हीच सांगायचात, शब्द फोडून बघा, त्याच्यात अर्थ असतो."

मास्तर खाली बसले. ॲलोस, दुसरा. त्यांनी तो आपल्या हाताने लिहिला होता, सगळ्या गावाला पाठ करायला लावला होता, देवाला ऐकवला होता. फक्त वाचला नव्हता.

तेवढ्यात बाहेर सत्यवान येऊन पोचला, घामाघूम. राधाबाई शुद्धीवर आहेत ऐकून त्याने आधी हात जोडले आणि मग मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तरांनू, मनाक लावून घेव नकात," तो कळवळ्याने म्हणाला. "तुमची काय चूक नाय. ह्यां गाऱ्हाणा अर्धा रवला त्याचा झाला. देवाच्या कानार जावक नाय, म्हणान. उद्या नारळ ठेवया, पुरा करूया."

आयुष्यभर ज्याची टर उडवली तो देवाचा कोप पहिल्यांदाच मास्तरांच्या उपयोगाचा होता. तो पत्करला असता तर सगळं देवाच्या कानावर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि गावाने आनंदाने होऊ दिलं असतं. मास्तरांना क्षणभर ते फार हवंसं वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांनी स्वतः ते पुढे कुणालाही सांगितलं नाही. "देवाच्या कानाचा काय घेवन बसलस, सत्यवाना," एवढं म्हणून ते आत गेले.

आत सनोबर केसपेपर लिहीत होती. "काकी, ह्यो त्रास कधीपासून आसा?"

"सात वर्षां झाली," राधाबाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण होता.

सनोबरचं पेन थांबलं. "सात वर्षां? आणि कोणाक सांगूक नाय?"

"सांगलंय गो. खूपदा सांगलंय. पण दरखेपेक माझो शब्द चुकीचो निघालो."

सनोबरने सरांकडे पाहिलं नाही. आपल्या शिक्षकाकडे अशा वेळी बघू नये, एवढी रीत तिला होती. "ॲलर्जीच म्हणालात ना, काकी? मगे शब्द बरोबर होतो."

"बरोबर होतो?"

"अगदी बरोबर."

राधाबाईंनी उशीवरून मान वर केली. मग म्हणाल्या, "तर तसा कागदार लिवन दी. सही कर, शिक्को मार. माझ्या तोंडचा ह्यांका पटणा नाय."

"कागद नको गो, राधा," मास्तर म्हणाले. "माका पटला."

"आता पटला," राधाबाई म्हणाल्या, आणि सलाईन नसलेला हात त्यांनी कागदासाठी सनोबरपुढे केला.